पेशीचा आणि प्रजेचा डॉक्टर : रूडोल्फ फिरखो

इतिहासाच्या तासाला बिस्मार्क आपल्या सर्वांच्याच परिचयाचा होतो. जर्मनीचे एकीकरण, डेन्मार्क, ऑस्ट्रिया आणि फ्रान्स यांच्याशी झालेली युद्धे, पोलादी मुत्सद्दी ही ख्याती, हे सारे आपण परीक्षेपुरते का होईना, पाठ करतो. परंतु या पोलादी पुरुषाला प्रशियाच्या विधिमंडळात वर्षानुवर्षे जाब विचारणारा एक विरोधक होता, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. हा विरोधक पेशाने राजकारणी नव्हता. तो डॉक्टर होता. शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभे राहायचे, विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकातून पाहायला शिकवायचे आणि तेथून उठून सभागृहात जायचे, असा त्याचा दिनक्रम. विज्ञान शाखेतील आपल्या मित्रांना त्याचे नाव निराळ्याच कारणासाठी ठाऊक असते. कोणतीही पेशी ही आधीच्या पेशीपासूनच उत्पन्न होते, हा सिद्धान्त त्याच्या नावावर जमा आहे. त्याचे नाव रूडोल्फ फिरखो. आपल्याकडे इंग्रजी पुस्तकांतून वाचणारे त्याला व्हिर्चो असेही म्हणतात.

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी. बिस्मार्कच्या विरोधकांविषयी वाचता वाचता मी या माणसापाशी पोहोचलो आणि त्याचे बोट धरून पेशींच्या वाढीपाशी व विभाजनापाशी. कला महाविद्यालयाच्या वार्षिकात पेशीविज्ञान कशाला, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर एवढेच की, फिरखोच्या आयुष्यात हे दोन विषय वेगळे काढताच येत नाहीत. शरीरात रोग कोठून येतो आणि समाजात रोग कोठून येतो, हे दोन्ही प्रश्न तो एकाच चिकाटीने विचारीत राहिला.

फिरखोचा जन्म १३ ऑक्टोबर १८२१ रोजी पोमेरेनिया प्रांतातील शिफेलबाइन या लहानशा गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. वडील शेती करीत आणि नगराच्या खजिन्याचे कामही पाहत. घरात हा एकुलता एक मुलगा. परिस्थिती बेताची, तेव्हा डॉक्टरकीचे महागडे शिक्षण घरच्या पैशावर होणे अवघड होते. बर्लिनमध्ये लष्करासाठी डॉक्टर तयार करणारी एक संस्था होती. तेथे हुशार मुलांचे शिक्षण सरकारी खर्चाने होई. १८३९ मध्ये फिरखोला तेथे जागा मिळाली. शाळा सोडताना त्याने जो निबंध लिहिला, त्याचा विषय असा होता की, कष्टांनी भरलेले आयुष्य हे ओझे नसून वरदान आहे. सतरा-अठराव्या वर्षी असे निबंध पुष्कळ जण लिहितात; फिरखो पुढची साठ वर्षे तसा जगला.

१८४३ मध्ये पदवी घेऊन तो बर्लिनच्या शारिते रुग्णालयात रुजू झाला. त्या काळचे वैद्यकशास्त्र कोणत्या अवस्थेत होते, हे येथे थोडे पाहिले पाहिजे. नाहीतर त्याच्या कामाचे मोल कळणार नाही. रॉबर्ट हूक याने १६६५ मध्ये बुचाच्या पातळ कापात लहान लहान कप्पे पाहिले होते आणि त्यांना नाव दिले होते. परंतु सर्व वनस्पती पेशींच्याच बनलेल्या असतात हे माथिआस श्लायडेन याने मांडले ते १८३८ मध्ये, आणि प्राण्यांची शरीरेही तशीच असतात हे थिओडोर श्वान याने दाखविले ते १८३९ मध्ये. घर विटांचे असते तसे शरीर पेशींचे असते, इतके कळले. पण नवी वीट येते कोठून?

या प्रश्नाचे दोघांनी दिलेले उत्तर आज आपल्याला चमत्कारिक वाटेल. साखरेच्या पाकात जशी खडीसाखर धरते, तशी एका रचनाहीन द्रवातून पेशी साकारते, असे श्वानचे म्हणणे होते. आधी बारीक कण, त्याभोवती केंद्रक, केंद्रकाभोवती पेशी, असा तो क्रम. हे मत काही अडाण्याचे नव्हते. त्या वेळी पाहायला मिळत ते मेलेल्या ऊतींचे तुकडे. एका तुकड्यात लहान केंद्रक दिसे, दुसऱ्यात मोठे, तिसऱ्यात पूर्ण पेशी. मधल्या पायऱ्या मनानेच जुळवाव्या लागत. आणि त्या चुकीच्या जुळत.

या मताचा एक मोठा परिणाम होता. पेशी जर द्रवातून निर्माण होत असेल, तर रोगाचे मूळही द्रवातच असणार. ग्रीकांच्या काळापासून चालत आलेली समजूत अशीच होती की, शरीरातील रसांचा तोल बिघडला म्हणजे माणूस आजारी पडतो. युरोपातले मोठमोठे वैद्य एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रक्तातील दोषाच्या भाषेत बोलत होते. खुद्द फिरखोही सुरुवातीला पेशी द्रवातूनच होतात असे मानत होता. मात्र जे दिसेल ते लिहायचे आणि जे दिसत नाही त्यावर डोलारा उभारायचा नाही, ही शिस्त त्याला योहानेस म्यूलर या थोर अध्यापकाकडून मिळाली होती. श्वान हाही म्यूलरचाच शिष्य. १८४५ मध्ये फिरखोने एका मृत स्त्रीच्या रक्तात पांढऱ्या पेशींची प्रचंड गर्दी पाहिली आणि तिची नोंद केली. दोन वर्षांनी त्याने या विकाराला ल्यूकेमिया हे नाव दिले. आपण आज ज्याला रक्ताचा कर्करोग म्हणतो, तो हाच. शिरेत धरलेली रक्ताची गुठळी सुटून प्रवाहाबरोबर फुप्फुसात जाऊन अडकते, हेही त्याने याच वर्षांत सिद्ध केले. १८४७ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्याने बेनो राइनहार्ट या मित्राबरोबर स्वतःचे नियतकालिक सुरू केले. ते आजही त्याच्या नावाने निघते.

आणि मग १८४८ साल उजाडले.

वरच्या सायलेशियात, म्हणजे प्रशियाच्या पोलिश भाषिक भागात, टायफसची साथ पसरली होती. पाठोपाठ दुष्काळ होता. वर्तमानपत्रांत ओरड झाली तेव्हा सरकारने चौकशीसाठी माणसे पाठविली. त्यांत सव्वीस वर्षांचा फिरखो होता. सुमारे तीन आठवडे तो त्या भागात हिंडला. त्याने तेथे काय पाहिले? ओल्या, कोंदट खोल्यांत माणसे दाटीने राहत होती. खायला बटाटे, तेही नासलेले. शाळा नाहीत, रस्ते नाहीत. अधिकारी जर्मन बोलत, लोक पोलिश. अशा अहवालात औषधांची यादी असावी, अशी सरकारची अपेक्षा असणार. फिरखोने लिहिले ते भलतेच. त्याच्या मते या साथीवरचा उपाय होता शिक्षण, तेही लोकांच्या स्वतःच्या भाषेत, स्वराज्याचे अधिकार, श्रीमंतांवर न्याय्य कर, रस्ते, शेतीसुधारणा आणि धर्मसत्तेच्या पकडीतून सुटका. टायफस उवांमुळे पसरतो हे त्या वेळी कोणालाच माहीत नव्हते. ते शार्ल निकोल याने १९०९ मध्ये दाखविले. रोगाचे बीज ठाऊक नसताना फिरखोने त्याची जमीन मात्र अचूक ओळखली होती. ज्यांच्याजवळ बदलायला दुसरा कपडा नाही आणि अंघोळीला गरम पाणी नाही, त्यांच्याच अंगावर उवा माजतात.

सायलेशियाहून परतून थोडेच दिवस झाले होते, तोच १८ मार्च १८४८ रोजी बर्लिनमध्ये क्रांतीचा भडका उडाला. रस्त्यारस्त्यांवर अडथळे रचले गेले आणि आमचा हा शवविच्छेदक त्यांतल्या एका अडथळ्यामागे उभा राहिला. पुढे त्याने वैद्यकीय सुधारणेसाठी एक साप्ताहिक चालविले. वैद्यक हे समाजशास्त्रच आहे आणि राजकारण म्हणजे मोठ्या प्रमाणावर केलेले वैद्यकच, अशा आशयाचे त्याचे प्रतिपादन त्यात येई. क्रांती फसली. साप्ताहिक वर्षभरात बंद पडले. सरकारने त्याला नोकरीतून निलंबित केले. मग काही अटींवर परत घेतले. पण बर्लिनमध्ये आता त्याचे मन रमण्यासारखे नव्हते. १८४९ च्या अखेरीस तो बव्हेरियातील व्युर्त्सबुर्ग विद्यापीठात विकृतिशास्त्राचा प्राध्यापक म्हणून गेला. येथे राजकारणाला आवर घालावा, अशी यजमानांची अपेक्षा होती. १८५० मध्ये त्याने रोझे मायर हिच्याशी विवाह केला. पुढली सात वर्षे त्याने सूक्ष्मदर्शकाला दिली. या शांत वर्षांतच त्याच्या हातून त्याचे सर्वांत मोठे काम झाले.

येथे मला एका दुसऱ्या माणसाचा परिचय करून द्यायला हवा. त्याच्याशिवाय ही कथा खरी होणार नाही. रोबेर्ट रेमाक हा फिरखोहून सहा वर्षांनी मोठा. पोझेन येथे एका ज्यू कुटुंबात १८१५ मध्ये जन्मलेला. तोही म्यूलरचाच विद्यार्थी. कोंबडीच्या अंड्यातील वाढत्या गर्भाच्या रक्तात त्याला एक विलक्षण दृश्य दिसले. काही पेशींत एकाऐवजी दोन केंद्रके होती. काही पेशी मध्यभागी आवळल्या गेल्या होत्या. काही जोड्या एका बारीक दोऱ्याने एकमेकींना बिलगून होत्या. पेशी द्रवातून उगवत नव्हत्या, त्या दुभंगत होत्या. हे त्याने १८४१ च्या सुमारास लिहिले. परंतु ही रक्तपेशींपुरतीच गोष्ट असेल, अशी शंका होती. रेमाकने दहा-अकरा वर्षे आणखी पाहणी केली. बेडकाचे अंडे घेतले. ऊती घट्ट करून पेशीचे आवरण स्पष्ट दिसावे, अशी रीत शोधून काढली. अंड्याची एक पेशी, तिच्या दोन, दोनांच्या चार, चारांच्या आठ, अशी अखंड साखळी त्याने पिल्लाच्या अवयवांपर्यंत नेऊन दाखविली. १८५२ मध्ये त्याने ठामपणे मांडले की, पेशींबाहेर पेशी निर्माण होते हे मत त्याज्य आहे आणि रोगातील गाठींनाही हाच नियम लागू असला पाहिजे.

तीन वर्षांनी, १८५५ मध्ये, फिरखोने आपल्या नियतकालिकात हाच विचार एका लॅटिन सूत्रात बांधला. ते सूत्र जगभर गेले. पण त्या लेखात रेमाकचे नाव नव्हते. खरे तर सूत्राचे शब्दही नवे नव्हते. फ्रान्समधील रास्पाय याने ते १८२५ मध्येच वापरले होते.

या ठिकाणी मला थोडे थांबावेसे वाटते. रेमाक ज्यू होता. प्रशियाच्या विद्यापीठांत ज्यूंना अध्यापनाचा मार्ग बंद होता. बाप्तिस्मा घेतला तर उघडा होता. रेमाकने धर्म सोडला नाही. राजाकडे अर्ज करून, मोठमोठ्यांच्या शिफारशी मिळवून, १८४७ मध्ये त्याला बर्लिन विद्यापीठात व्याख्याने देण्याची परवानगी मिळाली. असा मान मिळालेला तेथला तो पहिला ज्यू. पण पूर्ण प्राध्यापकपद त्याला कधीच मिळाले नाही. १८५९ मध्ये त्याच्या पदरात पडले ते दुय्यम दर्जाचे प्राध्यापकपद. पोट भरण्यासाठी तो रोगी तपासत राहिला आणि १८६५ मध्ये, पन्नाशीतच, वारला. ज्याच्यापाशी प्रयोगशाळा, नियतकालिक आणि विद्यार्थ्यांची फौज होती, त्याच्या तोंडून तेच सत्य बाहेर पडले तेव्हा जगाने ते ऐकले. फिरखोचा मोठेपणा मला मान्य आहे. विस्कळित निरीक्षणांतून रोगाचे अख्खे शास्त्र उभे करणे हे रेमाकने केले नव्हते, ते त्याने केले. पण गरिबांच्या हक्कासाठी अडथळ्यामागे उभा राहणारा हा माणूस शेजारच्या एका उपेक्षिताचे नाव घ्यायला विसरला, हे त्याच्या चरित्रात लिहिलेच पाहिजे.

१८५६ मध्ये बर्लिनने त्याला सन्मानाने परत बोलावले. विकृतिशास्त्रासाठी स्वतंत्र संस्था बांधून द्या, ही त्याची अट मान्य झाली. १८५८ च्या आरंभी त्याने शहरातील डॉक्टरांसमोर वीस व्याख्याने दिली. त्याच वर्षी त्यांचे पुस्तक झाले. पेशीनिष्ठ विकृतिशास्त्र हा त्याचा विषय. त्यातला गाभ्याचा विचार सांगायला सोपा आहे. रोग म्हणजे बाहेरून शरीरात शिरलेले भूत नव्हे आणि बिघडलेला रसही नव्हे. रोग म्हणजे पेशींचेच बदललेले जीवन. अमुक माणूस आजारी आहे एवढ्याने भागत नाही. त्याच्या कोणत्या पेशी आजारी आहेत ते दाखवा. गाठीतल्या पेशीही परक्या नसतात. त्या आपल्याच एखाद्या पेशीच्या वंशज असतात. फक्त त्यांची वाढ आणि विभाजन यांवरचा लगाम सुटलेला असतो. तपशिलात तो येथेही चुकला. सर्व कर्कपेशी संयोजी ऊतीतूनच निघतात, असे त्याला वाटे. ते पुढे त्याच्याच देशबांधवांनी खोडून काढले. मूळ विचार मात्र टिकला.

तो किती टिकला, हे आमच्या घराने अनुभवले. गेल्या वर्षी माझ्या आत्याच्या गळ्याजवळ गाठ आली. डॉक्टरांनी तिचा तुकडा काढून तपासणीला पाठविला. अहवाल यायला चार दिवस लागले आणि ते चार दिवस घरात कोणी मोठ्याने बोलले नाही. कोठेतरी एक अनोळखी डॉक्टर काचपट्टीवरचा तो तुकडा पाहत होता. पेशींचे केंद्रक केवढे आहे, किती पेशी विभाजनाच्या अवस्थेत आहेत, हे मोजत होता. गाठ साधी निघाली. ज्या दृष्टीने त्या डॉक्टरने पाहिले, ती दृष्टी १८५८ च्या त्या वीस व्याख्यानांतून आलेली आहे, हे मला त्यानंतर वाचताना समजले.

राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला या सिद्धान्तात आणखी एक गोष्ट खुणावते. फिरखो शरीराला पेशींचे राज्य मानत असे. त्यात राजा नाही. प्रत्येक पेशी ही स्वतःचे आयुष्य असलेली नागरिक. सर्वांच्या परस्परावलंबनातून शरीर चालते. प्रशियाच्या राजेशाहीत राहून कोणी ही उपमा वापरत असेल, तर ती केवळ शास्त्रीय उपमा राहत नाही.

साहजिकच राजकारण त्याला फार काळ दूर ठेवू शकले नाही. १८५९ मध्ये तो बर्लिनच्या नगरसभेवर निवडून आला आणि मरेपर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षे, तेथे राहिला. १८६१ मध्ये जर्मन प्रगती पक्षाच्या संस्थापकांत तो होता. पुढील वर्षी प्रशियाच्या विधिमंडळात गेला. तो काळ लष्करी खर्चावरून राजा आणि लोकप्रतिनिधी यांच्यात पेटलेल्या झगड्याचा. विधिमंडळाच्या मंजुरीवाचून बिस्मार्क पैसा खर्च करीत होता आणि फिरखो त्याला आडवा येत होता. १८६५ मध्ये नौदलाच्या प्रश्नावर बोलताना त्याने बिस्मार्कच्या सत्यनिष्ठेवरच शंका घेतली. बिस्मार्कने द्वंद्वयुद्धाचे आव्हान दिले. याबद्दल एक गमतीची दंतकथा आहे. शस्त्र निवडण्याचा हक्क फिरखोचा. त्याने म्हणे दोन सॉसेज मागविले, एक चांगले आणि एक कृमींनी भरलेले, आणि बिस्मार्कने निवडून खावे असे सुचविले. गोष्ट मोठी चटकदार आहे, पण तिला पुरावा नाही. प्रत्यक्षात फिरखोने द्वंद्व सरळ नाकारले. माझ्या मते त्यात अधिक धैर्य होते. शब्दाला उत्तर शब्दानेच द्यावे, तलवारीने किंवा पिस्तुलाने नव्हे, हे संसदीय नीतीचे तत्त्व त्याने कृतीने पाळले.

दंतकथेतील कृमी मात्र खरे होते. डुकराच्या मांसातून माणसात येणाऱ्या ट्रिकिना कृमींचा त्याने अभ्यास केला होता आणि मांसाची सक्तीने तपासणी व्हावी म्हणून तो झगडला. बर्लिनच्या रस्त्यांवरून त्या काळी उघडी गटारे वाहत. फिरखोने नगरसभेत वर्षानुवर्षे आकडेवारी मांडली आणि जेम्स होब्रेख्ट या अभियंत्याच्या योजनेला पाठबळ दिले. १८७३ पासून शहराखाली नळांचे जाळे पसरू लागले आणि मैलापाणी दूरच्या शेतांवर जाऊ लागले. गोरगरिबांसाठी नगरपालिकेची रुग्णालये उभी राहिली. सायलेशियाच्या अहवालात जे कागदावर लिहिले होते, त्यातले काही बर्लिनमध्ये विटा-चुन्यात उतरले.

दरम्यान पेशीविभाजनाचे शास्त्र पुढे चालले होते. कील येथील वाल्टर फ्लेमिंग याने सॅलॅमँडर या प्राण्याच्या पिल्लांतील मोठ्या पेशी घेतल्या आणि त्यांवर नव्याने निघालेले कृत्रिम रंग वापरले. केंद्रकातील द्रव्याने तो रंग शोषला आणि आजवर न दिसलेला सोहळा दिसू लागला. विभाजनाआधी केंद्रकात धाग्यांचे गुंतवळ दिसते. धागे आखूड व जाड होतात. पेशीच्या मध्यावर येऊन रांगेत उभे राहतात. प्रत्येक धागा लांबीच्या दिशेने चिरला जातो. आणि त्याची दोन अर्धे दोन टोकांकडे सरकतात. अशा रीतीने दोन्ही कन्यापेशींना सारखाच वारसा मिळतो. १८८२ मध्ये फ्लेमिंगने हे सारे पुस्तकरूपाने मांडले. त्या धाग्यांना गुणसूत्रे या अर्थाचे आजचे नाव १८८८ मध्ये वाल्डायर याने दिले. पेशी पेशीतून येते हे रेमाक व फिरखो यांनी सांगितले. ती येताना आईकडून काय घेऊन येते, हे फ्लेमिंगने दाखविले.

याच १८८८ सालाने फिरखोची कसोटी घेतली. राजपुत्र फ्रीडरिख हा उदारमतवादी. तो गादीवर आला म्हणजे बिस्मार्कशाहीला आळा बसेल, ही सुधारकांची आशा. १८८७ मध्ये त्याच्या घशात गाठ निघाली. जर्मन शल्यवैद्य शस्त्रक्रियेच्या तयारीत होते. इंग्लंडहून आलेल्या मॅकेन्झी या डॉक्टरने आधी तुकडा तपासून घ्या, असा आग्रह धरला. तुकडे फिरखोकडे आले. त्यांत त्याला कर्करोग दिसला नाही. हाती आलेल्या तुकड्यावरून उरलेल्या गाठीबद्दल सांगता येत नाही, हे त्याने सूचित केले होते. पण ऐकणाऱ्यांनी सोयीचे तेवढे ऐकले. शस्त्रक्रिया टळली. फ्रीडरिख मार्च १८८८ मध्ये सम्राट झाला, तोपर्यंत त्याचा आवाज गेला होता. नव्व्याण्णव दिवसांनी, १५ जूनला, तो मरण पावला. शवविच्छेदनात कर्करोग स्पष्ट झाला. ते करणाऱ्यांत फिरखो स्वतः होता. शस्त्रक्रियेने राजा वाचला असता का आणि राजा वाचता तर युरोपचा इतिहास बदलता का, हा वाद इतिहासकारांनी पुष्कळ घातला आहे. मला त्यातून एवढेच दिसते की, एखाद्या मिलिमीटरच्या तुकड्यातील काही पेशींवर साम्राज्याचे भवितव्य टांगले गेले होते.

त्याच्या इतर चुकाही लपविण्याचे कारण नाही. प्रसूतीपूर्वी डॉक्टरांनी हात निर्जंतुक करावेत, हे सेमेलवाइसचे म्हणणे त्याने दीर्घकाळ मानले नाही. रोगजंतूंना तो कमी लेखत राहिला आणि रॉबर्ट कॉखशी त्याचे पटले नाही. निअँडरथल येथे सापडलेली हाडे प्राचीन मानवाची नसून मुडदूस व संधिवात झालेल्या एखाद्याची आहेत, असे त्याने १८७२ मध्ये सांगितले. उत्क्रांतिवाद शाळांत शिकविण्यास त्याने १८७७ मध्ये विरोध केला. पुराव्याशिवाय मानायचे नाही, ही शिस्त वाढत्या वयात कधी कधी पुरावा समोर असूनही न मानण्याच्या हट्टात कशी बदलते, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल.

परंतु त्याच शिस्तीचे एक उजळ फळही आहे. जर्मन वंश शुद्ध, सोनेरी केसांचा व निळ्या डोळ्यांचा, अशी बढाई त्या काळी जोरात होती. फिरखोने मोजायचे ठरविले. त्याच्या पुढाकाराने जर्मनीतील सुमारे ६७ लाख शाळकरी मुलांचे केस, डोळे व त्वचा यांचे रंग नोंदविले गेले. १८८६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निळे डोळे, सोनेरी केस आणि गोरी कातडी असलेली जर्मन मुले तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी निघाली. ज्यू मुलांतही सुमारे ११ टक्के तशी निघाली. शुद्ध वंश नावाची वस्तू आकड्यांत सापडली नाही. ज्यू मुलांची वेगळी मोजणी करणे हेच मुळात योग्य होते का, हा प्रश्न आज आपण विचारू शकतो. मात्र १८८० मध्ये ज्यूविरोधी चळवळीने डोके वर काढले तेव्हा फिरखो विधिमंडळात तिच्या विरोधात बोलला, हेही नोंदविले पाहिजे. त्या वेळी रेमाकला जाऊन पंधरा वर्षे झाली होती.

इतिहासाच्या व पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांनी त्याला आपलाही मानावे. १८७९ मध्ये तो श्लीमानबरोबर ट्रॉयच्या उत्खननावर गेला होता. तेथील अमोल वस्तू बर्लिनला मिळाव्यात म्हणून त्याने श्लीमानचे मन वळविले. बर्लिनच्या मानववंश संग्रहालयाच्या उभारणीतही त्याचा हात होता. १८८० ते १८९३ या काळात तो जर्मनीच्या लोकसभेत, राइश्टागमध्ये, होता आणि तरीही त्याचे विद्यापीठातील काम सुटले नाही.

१९०१ मध्ये त्याचा ऐंशीवा वाढदिवस मोठ्या थाटात साजरा झाला. ४ जानेवारी १९०२ रोजी तो चालत्या ट्रॅममधून उतरला आणि पडला. मांडीचे हाड मोडले. त्या दुखण्यातून तो उठलाच नाही. ५ सप्टेंबर १९०२ रोजी त्याचे निधन झाले.

आज या विषयाचे ज्ञान खूप पुढे गेले आहे. पेशी आधी वाढते, मग आपल्या गुणसूत्रांची नक्कल करते, नक्कल नीट झाली का ते तपासते आणि मगच दुभंगते. या प्रत्येक टप्प्यावर जणू पहारेकरी बसविलेले असतात. त्या पहारेकऱ्यांचा शोध लावल्याबद्दल हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनी अभ्यासले ते यीस्ट आणि समुद्री अर्चिन. नियम मात्र माणसालाही तेच लागू पडले. आपल्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत. हाडांतील मगज दर सेकंदाला वीसेक लाख तांबड्या रक्तपेशी तयार करतो. हे वाक्य वाचेपर्यंत आपल्यात कोट्यवधी नवे नागरिक दाखल झाले. त्यांपैकी एकही शून्यातून आला नाही.

फिरखोच्या जीवनाचा विचार करताना मला हेच सूत्र सर्वत्र लागू झालेले दिसते. साथ शून्यातून येत नाही. ती आधीच्या दैन्यातून येते. शास्त्रातील सिद्धान्तही शून्यातून येत नाही; तो आधीच्या कोणाच्या तरी जागरणांतून येतो. म्हणून यापुढे आपल्यापैकी कोणी पेशीविभाजनाचा धडा वाचील, तेव्हा फिरखोच्या नावाशेजारी रोबेर्ट रेमाक हे नाव पेन्सिलीने का होईना, लिहून ठेवावे. पन्नास वर्षांच्या त्या उपेक्षित आयुष्याचे एवढे ऋण आपण सहज फेडू शकतो.